चल किती, समीकरणं किती, फील्ड कोणतं? द्विघाती समीकरणांचा अवघडपणा मोजायची रीत

"सर, एनपी-कम्प्लीट आहे म्हटल्यावर ही द्विघाती समीकरणं सुटायचीच नाहीत ना?" शिवाजी विद्यापीठातली पोरं असोत की कोल्हापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची, प्रोजेक्टला क्रिप्टोग्राफी घेतली की हा प्रश्न ठरलेला. मग दुसरा कुणीतरी विचारतो, "मग रेनबो कसं फुटलंय?" रेनबो म्हणजे अशाच समीकरणांवर उभारलेली डिजिटल सहीची योजना. दोघांचंही उत्तर एकच आहे. एनपी-कम्प्लीट (म्हणजे सगळ्या उदाहरणांना लागू पडेल अशी वेगवान रीत कुणालाच माहीत नाही) हा शिक्का सगळ्या प्रकारच्या समीकरणांच्या कुटुंबावर बसलेला असतो, आणि तो सगळ्यांत वाईट उदाहरणाबद्दल बोलतो. तुमच्या हातात जी समीकरणं आहेत ती किती अवघड, हे शिक्का सांगत नाही. ते मोजावं लागतं.

मोजायला तीन आकडे लागतात: चलांची संख्या च, समीकरणांची संख्या स, आणि फील्डमध्ये घटक किती. सांत क्षेत्र म्हणजे फायनाइट फील्ड, मोजक्याच घटकांवर चालणारं अंकगणित. सगळ्यांत लहान फील्ड ० आणि १ या दोनच घटकांचं, तिथं १ + १ = ०. ३१ घटकांच्या फील्डमध्ये सगळा हिशोब ३१ने भागून उरणाऱ्या बाकीवर चालतो. समीकरणं द्विघाती धरायची, म्हणजे जास्तीत जास्त दोन चलांचा गुणाकार. त्याहून मोठा घात असला तरी अ·ब ला नवं नाव देऊन तो दोनवर आणता येतो, म्हणून सगळी चर्चा द्विघातीवरच चालते. थ्री-सॅटचं (हो-नाही चलांची तार्किक वाक्यं एकाच वेळी खरी करायच्या प्रसिद्ध कोड्याचं) प्रत्येक वाक्यही याच युक्तीनं समीकरणांत बसतं, आणि एनपी-कम्प्लीटचा शिक्का तिथूनच आला.

आधी हातानं एक सोडवा

सॉफ्टवेअर नंतर. वही घ्या. ० आणि १ च्या फील्डमध्ये तीन चलं आणि तीन समीकरणं:

अ·ब + क = १
ब·क + अ + ब = ०
अ·क + ब + क = ०

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायची: अ चा वर्ग म्हणजे अ च, कारण ० चा वर्ग ० आणि १ चा वर्ग १. आणि कुठलीही गोष्ट स्वतःत मिळवली की शून्य.

आता समीकरणांना चलांनी गुणायचं. पहिल्याला क ने गुणा. अ·ब·क + क = क, म्हणजे अ·ब·क = ०. तिघांचा गुणाकार गेला. दुसऱ्याला क ने गुणा. ब·क + अ·क + ब·क = ०, त्यातले दोन ब·क एकमेकांना खातात आणि अ·क = ० उरतं. हे तिसऱ्यात घातलं की ब = क. आता तिसऱ्याला ब ने गुणा. अ·ब·क + ब + ब·क = ०, आणि पहिलं पद शून्य असल्यानं ब·क = ब. हे दुसऱ्यात टाका. ब + अ + ब = ०, म्हणजे अ = ०. मग पहिल्यावरून क = १, आणि ब = १. आठच शक्यता आहेत, सगळ्या तपासून बघा. दुसरं उत्तर नाही.

तुम्ही आत्ता जे केलंत त्याला एक्सएल म्हणतात. कुर्त्वा, क्लिमोव, पातारँ आणि शामीर यांनी २००० साली ते मांडलं. समीकरणांना चलांनी गुणून समीकरणं वाढवायची, प्रत्येक गुणाकाराला स्वतंत्र चल समजायचं आणि शेवटी गाऊसच्या रीतीनं निरसन करायचं. वरच्या उदाहरणात मूळ तीन आणि गुणून आलेली नऊ अशी बारा समीकरणं होती, आणि पदं मात्र स्थिरांकासकट आठच. ग्रोबनर बेसिस (तीच उत्तरं देणारा पण सोडवायला सोपा समीकरणांचा संच) काढणाऱ्या एफ४ आणि एफ५ या फोझेरच्या पद्धतीसुद्धा आतून असलंच मॅट्रिक्स चालवतात, फक्त निरुपयोगी ओळी टाळण्यात त्या जास्त हुशार आहेत.

आपण तिसऱ्या घातापर्यंत गेलो आणि सुटलं. मोठ्या उदाहरणात कितव्या घातापर्यंत जावं लागेल, यावरच सगळा खर्च ठरतो.

दोन टोकं, जिथं काहीच अवघड नाही

समीकरणं भरपूर असली तर काम वाढतं असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. ० आणि १ च्या फील्डमध्ये १०० चलं असतील तर एकेरी आणि दुहेरी मिळून पदं १००·१०१/२, म्हणजे ५,०५०. तेवढी स्वतंत्र समीकरणं मिळाली तर प्रत्येक पदाला चल समजून सरळ निरसन करा. मॅट्रिक्सला जेमतेम ३ एमबी जागा लागते आणि जुना लॅपटॉपही ते सेकंदांत उरकतो. तीच १०० चलं आणि फक्त १०० समीकरणं असतील तर हात टेकावे लागतात.

दुसरं टोक म्हणजे चलं फार आणि समीकरणं थोडी. फील्ड २ च्या घाताचं असेल आणि चलांची संख्या स·(स+१) पर्यंत गेली, तर किपनिस, पातारँ आणि गुबँ यांनी दाखवल्याप्रमाणे बहुपदी वेळात उत्तर निघतं. ४० समीकरणांना १,६४० चलं असं ते प्रमाण. त्याच्या खूप अलीकडे असाल तर जास्तीच्या चलांना मनाला येतील त्या किमती द्या आणि च = स करून घ्या. यादृच्छिक समीकरणांत च = स झाल्यावर निदान एक उत्तर असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. नाही निघालं तर दुसऱ्या किमती द्यायच्या.

खरा कस या दोन टोकांच्या मध्ये लागतो.

सगळ्या शक्यता तपासणं, पण नीट

पोरं ही पायरी कमी लेखतात, आणि तिथंच फसतात. ० आणि १ च्या फील्डमध्ये च = स असेल तर बऱ्याच मोठ्या आकारापर्यंत हीच पद्धत सगळ्यांना मागं टाकते. पण प्रत्येक शक्यतेला सगळी समीकरणं पहिल्यापासून मांडत बसायचं नाही. राजारामपुरीत एखादं घर शोधताना पहिली गल्ली झाली की कोण बिंदू चौकात परत येऊन दुसरीला जात नाही, सरळ शेजारच्या गल्लीत शिरतो. ग्रे कोड तेच करतो: एका वेळी एकच चल बदलायचं.

एकच चल बदललं की समीकरणाची किंमत कितीनं बदलते? वरचं दुसरं समीकरण घ्या, ब·क + अ + ब. यात ब उलटा केला की किंमत क + १ ने बदलते. द्विघाती समीकरणाचा हा फरक नेहमी एकघाती असतो, आणि त्या फरकाचा फरक स्थिरांक. म्हणजे प्रत्येक पावलाला दोन एक्सऑर (१ + १ = ० अशी बिटांची बेरीज) पुरतात: एकानं फरक अद्ययावत करायचा, दुसऱ्यानं किंमत. वर ३२ समीकरणांचे बिट एकाच ३२ बिटी शब्दात भरले की ३२ समीकरणं एकदम तपासली जातात. ही बांधणी २०१० साली बुईयाग आणि सहकाऱ्यांनी मांडली, आणि ती शंभरेक ओळींच्या सी प्रोग्रॅममध्ये बसते. ४० चलांसाठी ३२ समीकरणांच्या चाळणीतून साधारण २५६ उमेदवार निसटतात, उरलेल्या ८ समीकरणांवर ते तपासून घ्यायचे.

एक कोअर सेकंदाला १०० कोटी पावलं टाकतो असं धरा. मग २^४० शक्यतांना सुमारे १८ मिनिटं. २^५० ला १३ दिवस. २^६४ ला ५८५ वर्षं, आणि २^८० ला ३.८ कोटी वर्षं. आपल्या मशीनचा खरा वेग आधी ३० चलांवर मोजा आणि मगच हे आकडे रिपोर्टात लिहा.

कागदावर याहून वेगवान अल्गोरिदम आहेत. २०१७ साली लोकश्तानोव आणि सहकाऱ्यांनी २ चा घातांक ०.८७६५·च पर्यंत आणला, २०२१ मध्ये दिनूरनं ०.६९४३·च पर्यंत. पण लॅबमधल्या आकारांना त्यांचा फारसा उपयोग नाही, मागचे स्थिरांक आणि मेमरी दोन्ही मोठी असतात. क्वांटम कॉम्प्युटरची आरएसए फोडणारी शोरची युक्ती इथं चालत नाही. ग्रोव्हरचा क्वांटम शोध फार तर घातांक निम्मा करतो. या समीकरणांवर सही उभारण्यात लोकांना रस आहे तो त्यामुळंच.

घात किती लागेल, ते कागदावर

आता तीच ४० चलं घेऊन समीकरणं बदलत बघू. फील्ड ० आणि १ चं. नियम असा: (१+ट)^च भागिले (१+ट²)^स ही मालिका उलगडायची आणि पहिला शून्य किंवा ऋण सहगुणक ट च्या कितव्या घाताला येतो ते बघायचं (ट हे नुसतं खुणेचं अक्षर). तो घात म्हणजे यादृच्छिक समीकरणांना लागणाऱ्या घाताचा अंदाज.

८२० समीकरणं असतील तर दुसऱ्याच घातावर काम होतं, ते आपण पाहिलं. तिसऱ्या घाताला अट येते ९,८८० − ४०·स ≤ ०, म्हणजे २४७ समीकरणं हवीत. चौथ्यासाठी १२८ पुरतात. आणि बरोबर ४० च असतील तर सहावा सहगुणक अजून धन निघतो, सातवा −३४,३६० येतो. घात ७.

याचा मेमरीशी थेट संबंध आहे. घात ४ पर्यंतची सगळी पदं १,०२,०९१. तेवढ्या ओळी-स्तंभांचं बिट मॅट्रिक्स १.३ जीबीत मावतं. घात ५ ला पदं ७,६०,०९९ होतात आणि मॅट्रिक्स ७२ जीबीवर जातं, म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप तिथंच बसला. घात ७ ला २.३ कोटी पदं. जे काम ग्रे कोड १८ मिनिटांत करतो, त्यासाठी एक्सएलला सरळ मॅट्रिक्स मांडलं तर ६० टीबीहून जास्त जागा लागेल. म्हणून कुठल्या पद्धतीनं सोडवायचं हे आवडीवर ठरवू नका. समीकरणं चलांच्या तिप्पट असतील तर एक्सएल, बरोबरीत असतील आणि फील्ड दोनचं असेल तर सरळ शोध. दोन्हींची सांगड घालणारी क्रॉसब्रेड नावाची पद्धत ज्यू आणि व्हित्स यांनी २०१७ साली मांडली, आणि फुकुओका एमक्यू चॅलेंज या द्विघाती समीकरणांच्या खुल्या आव्हानांमधलं ७४ चलं व १४८ समीकरणांचं उदाहरण तिनं सोडवलं. ही चॅलेंजची उदाहरणं सगळ्यांना खुली आहेत. सरावाला लहान आकारापासून सुरुवात करा.

मोठं फील्ड, आणि थोडा अंदाज

३१ घटकांच्या फील्डमध्ये २० चलं, २० समीकरणं. सगळ्या शक्यता ३१^२०, म्हणजे ३० अंकी आकडा. सरळ शोध सोडा. मालिकेचा नियम इथं वेगळा, आणि मला तो जास्त आवडतो, कारण तो पेन घेऊन पाच मिनिटांत होतो: (१+ट)^स गुणिले (१−ट)^(स−च).

(१+ट)^२० चे सहगुणक म्हणजे पास्कलच्या त्रिकोणाची, आपल्या मेरूप्रस्ताराची, २० वी ओळ: १, २०, १९०, ११४०, ४८४५, १५५०४, ३८७६०, ७७५२०, १२५९७०, १६७९६०, १८४७५६, आणि मग उलट उतरत. च = स असेल तर ओळ २० व्या घाताला संपते, म्हणजे लागणारा घात २१. पदं किती? सुमारे २६,९०० कोटी.

आता एका चलाची किंमत अंदाजानं ठरवा. उरली १९ चलं, समीकरणं २० च. (१−ट) नं गुणणं म्हणजे ओळीतल्या शेजारच्या आकड्यांतला फरक घेणं: १, १९, १७०, ९५०, ३७०५, १०६५९, २३२५६, ३८७६०, ४८४५०, ४१९९०, १६७९६, −१६७९६. ऋण आकडा ११ व्या घाताला. एका चलाचा अंदाज लावला आणि घात २१ वरून ११ वर आला! पदं ५.४६ कोटी उरली. किंमत मोजली ती फक्त ३१ वेळा तेच काम करण्याची.

पुन्हा फरक घ्या: १, १८, १५१, ७८०, २७५५, ६९५४, १२५९७, १५५०४, ९६९०, −६४६०. घात ९, पदं ४६.९ लाख, अंदाज ९६१. आणखी एकदा: १, १७, १३३, ६२९, १९७५, ४१९९, ५६४३, २९०७, −५८१४. घात ८, पदं १०.८ लाख, अंदाज २९,७९१.

कुठं थांबायचं? विरळ मॅट्रिक्सवर वीडमनच्या पद्धतीचं काम साधारण पदांच्या वर्गाच्या पटीत वाढतं. म्हणून अंदाजांची संख्या गुणिले पदांचा वर्ग एवढं मांडून बघा. एकही अंदाज नाही: ७.२×१०^२२. एक: ९.३×१०^१६. दोन: २.१×१०^१६. तीन: ३.५×१०^१६. सगळ्यांत स्वस्त दोन अंदाज. फील्ड बदललं की हा आकडाही बदलतो. २५६ चं फील्ड असेल तर प्रत्येक अंदाज महाग पडतो, म्हणून कमी अंदाज परवडतात. या पद्धतीला हायब्रिड म्हणतात.

यावर ओळीतल्या पदांची संख्या, म्हणजे इथं जास्तीत जास्त १९०, हाही गुणक चढवावा लागतो. तेव्हा सगळं मिळून एका कोअरला शेकडो वर्षं. दिसायला २० समीकरणं, पण कॉलेजच्या लॅबचा घास नव्हे.

मांडणी लपलेली आहे का, ते बघा

वरचे सगळे आकडे यादृच्छिक समीकरणांचे. क्रिप्टोग्राफीतली समीकरणं तशी दिसतात, नसतात. बनवणाऱ्याकडं चोरदरवाजा असावा लागतो, नाहीतर त्यालाच सही करता येणार नाही, आणि फुटतं ते बहुतेक वेळा तिथूनच. मात्सुमोतो आणि इमाई यांची १९८८ ची योजना पातारँनं १९९५ मध्ये फोडली, कारण मूळ मजकूर आणि सांकेतिक मजकूर यांच्यात दोन्हींत एकघाती असलेली नाती सापडली. पातारँनंच मग एचएफई आणलं. त्याच्या पहिल्या आव्हानात ८० चलं आणि ८० समीकरणं होती, सरळ शोध २^८०. फोझेर आणि ज्यू यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात घात ४ च्या वर जावंच लागलं नाही. रेनबो तर अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या, क्वांटमपुढं टिकतील अशा योजनांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचलं होतं. २०२२ साली वॉर्ड ब्यूलेन्सनं त्याच्या पहिल्या सुरक्षा पातळीची गुप्त किल्ली एका साध्या लॅपटॉपवर सरासरी ५३ तासांत काढून दाखवली. यातल्या कुणीही यादृच्छिक समीकरणं सोडवण्याची नवी जादू शोधली नव्हती.

म्हणून ही चाचणी न चुकता करा. दिलेल्या योजनेची लहान आवृत्ती घ्या. च, स आणि फील्ड तेच ठेवून दुसरीकडं पूर्ण यादृच्छिक समीकरणं बनवा. दोन्हींचं मॅट्रिक्स घात ३ आणि ४ ला मांडून रँक (स्वतंत्र ओळींची संख्या) आणि लागलेला घात यांची तुलना करा. यादृच्छिकमध्ये मालिकेनं सांगितलेला घात येईल. योजनेत त्याच्या आधीच कमी घाताची समीकरणं निघू लागली, तर मांडणी उघडी पडली असं समजा. सेजमॅथ या गणिताच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ० आणि १ साठी बूलियन बहुपदींची वेगळी सोय आहे, तीच वापरा, साधी बहुपदी रिंग घेतलीत तर वर्ग कमी करण्यातच वेळ जाईल. समीकरणं विरळ असतील, म्हणजे प्रत्येकात चारदोनच चलं, तर क्रिप्टोमिनिसॅट हा सॅट-सॉल्व्हर (तार्किक वाक्यं सोडवणारा प्रोग्रॅम) एकदा चालवून बघा. एक्सऑर त्याला थेट समजतो. दाट समीकरणांवर मात्र तो दमतो.

आज टिकून असलेल्या योजनांत यूओव्ही हे जुनं नाव आहे, १९९९ चं. त्याच्या एका प्रस्तावित संचात २५६ चं फील्ड, ११२ चलं आणि ४४ समीकरणं आहेत. सार्वजनिक किल्ली केवढी? प्रत्येक समीकरणात ११२·११३/२ पदं, गुणिले ४४, प्रत्येकी एक बाइट: २,७८,४३२ बाइट. सही मात्र १२८ बाइटची. एवढी बोजड किल्ली का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो, आणि उत्तर या गुणाकारातच आहे. निस्टच्या २०२३ च्या नव्या सही-स्पर्धेत यूओव्ही आणि त्याची मेयोसारखी भावंडं पुढच्या फेरीत गेली, आणि मेयोचा सगळा खटाटोप हीच किल्ली लहान करण्याचा आहे.

लॅबमध्ये करण्याजोगा आकार

३१ चं फील्ड, १२ चलं, १२ समीकरणं घ्या. उत्तर असण्याची खात्री हवी म्हणून आधी गुप्त उत्तर निवडा, सहगुणक यादृच्छिक टाका आणि स्थिरांक त्या उत्तरावरून भरा. मेरूप्रस्ताराची १२ वी ओळ मांडून फरक घ्या. एका अंदाजाला घात ७ आणि पदं ३१,८२४ येतील, दोन अंदाजांना घात ६ आणि ८,००८. वरचाच गुणाकार केला की इथं एकच अंदाज स्वस्त पडतो. एका बाइटला एक नोंद धरून मॅट्रिक्स जेमतेम १ जीबीचं, साधं गाऊस निरसनसुद्धा काही तासांत होतं.

अंदाज ३१, आणि प्रत्येक दुसऱ्यापासून स्वतंत्र. लॅबमध्ये संध्याकाळनंतर मशीन रिकामी असतात. लॅब असिस्टंटची परवानगी काढा आणि प्रत्येक मशीनला एक अंदाज वाटून द्या. चुकीच्या अंदाजाला निरसनाच्या शेवटी १ = ० अशी ओळ येईल, बरोबर अंदाजाला येणार नाही. दर काही हजार ओळींनंतर मॅट्रिक्स डिस्कवर लिहून ठेवा, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि लॅबच्या सगळ्याच मशीनना यूपीएस नसतो. कुठला अंदाज संपला याची फाईल प्रत्येक मशीननं वेगळी ठेवावी. सगळ्यांनी एकाच शेअर्ड फाईलमध्ये लिहिलं की ओळी एकमेकींवर चढतात आणि सकाळी कोणता अंदाज पुरा झाला हेच कळत नाही.